बिनसाखरेचा चहा

शिरूरच्या विमा ऑफिसात निमोणे गावचे एक आजोबा आमच्या शेजारी बसले होते. टोपी गुडघ्यावर पालथी. चहा आला तसे ते खणखणीत आवाजात म्हणाले, "मला बिनसाखरेचा. साखर हाय मला." सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

माझ्या आईने मुकाट्याने गोड चहा उचलला. साखर तिलाही आहे, पण ती कुणाला कळू द्यायची नाही. पाहुण्यांकडेसुद्धा ती गोड चहा प्यायची. येतानाच तिने मला बजावलं होतं, "साखरेचं बोलू नको. न्हाईतर पॉलिसी द्यायचे न्हाईत." वाद घालून घालून मी थकले होते.

तरी तो कप बघून मी तिला कुजबुजत पुन्हा टोकलं, ते आजोबांच्या कानावर गेलं असावं. चप्पल काढून त्यांनी पायाची भरलेली जखम दाखवली. "आक्का, साखरवाल्यांसाठीच येक पॉलिसी हाय हितं. ह्या पायाचा सगळा खर्च तिनंच केला. लपवलं असतं तर त्यांनी हात वर केले असते." मग टोपी डोक्यावर चढवत म्हणाले, "आन् साखर झाली म्हंजी काय चोरी केली का आपण?"

आईने हातातला कप खाली ठेवला. आत साहेबांना तिने सगळं खरं सांगितलं, आणि पॉलिसीचं काम झालं.

दौंडला परतताना वरवंडला मामींकडे थांबलो. मामींनी पातेलं चढवलं, तशी आई म्हणाली, "वहिनी, माझा बिनसाखरेचा. साखर हाय मला."

मामींचा हात साखरेच्या डब्यावरच थांबला. दाराकडे एकदा बघून त्या हळूच म्हणाल्या, "व्हय? मग वन्सं, आपल्या दोघींचा एकातच ठेवते."