पोचवणाऱ्याचीही जबाबदारी

इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आमच्या बुद्धविहाराच्या कार्यक्रमात गेल्या वर्षी माझ्या लेकीनं भाषण केलं. पंधरा वर्षांची, इथंच जन्मलेली. मराठी मोडकंतोडकं, तरी हट्टानं मराठीतच बोलली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. मग भलत्याच कुणीतरी तो कापून, वर आमच्या जातीवरून शिवी लिहून परत टाकला, आणि तो भराभर पसरला.

शाळेतून आल्या आल्या तिनं फोन माझ्यापुढे धरला. "आई, हा शब्द म्हणजे काय?"

नागपूरला लहानपणी मीही माझ्या आईला हेच विचारलं होतं. ती गप्प बसली होती. मी सांगितलं, सगळं. लेकीनं ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे रिपोर्ट केला.

ॲपच्या कंपनीचं उत्तर आलं: नियमभंग आढळला नाही. मी सॉफ्टवेअरमधली. त्यांच्या यंत्रणेला ती शिवी कळलीच नसणार, हे माझ्या लगेच लक्षात आलं. म्हटलं, "जाऊ दे. अकाउंट बंद कर."

"मी का बंद करू? मी काय केलं?"

आमच्या खासदारबाई शनिवारी लायब्ररीत लोकांना भेटतात. तिनं स्वतःच अपॉइंटमेंट घेतली. मी फक्त गाडी चालवली.

खासदारबाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "कंपनी म्हणेल, आम्ही नुसता नोटिसबोर्ड. लोक त्यावर काय लावतात, त्याला आम्ही काय करणार?"

"बोर्ड भिंतीवर असतो," लेक म्हणाली. "माझ्या वर्गातल्या मुली हा व्हिडिओ शोधायला गेल्या नव्हत्या. ॲपनं तो आपणहून त्यांच्यापुढे आणला. मग आणणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आहे. नव्या कायद्यात आहे. बेकायदा मजकूर कळवल्यावर त्यांना तो काढावा लागतो. पण हा शब्द इतका गंभीर का, हे मला त्यांना पटवून द्यावं लागेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी सांगते," लेक म्हणाली. "माझ्या आजोबांना हाच शब्द वापरून विहिरीवरून हाकललं होतं." आणि मान खाली न घालता, इंग्रजीत, तिनं त्या शब्दाचा अर्थ सांगितला. माझ्या आईच्यानं जे बोलवलं नव्हतं, ते माझी मुलगी परक्या माणसासमोर ताठ बसून बोलत होती. माझा ऊर अभिमानानं भरून आला.

बाईंनी कंपनीला लिहिलं. काही आठवड्यांनी व्हिडिओ काढला गेला. इथून पुढे तो शब्द शिवी म्हणून धरू, असंही कंपनीनं कळवलं. मी पेढे आणले.

"पण सॉरी कुठे म्हणाले?" लेक फणकारली.

आता विहारातल्या लोकांसाठी, अशी तक्रार कशी करायची ते ती मराठीत लिहून काढतेय. काल स्वयंपाकघरात डोकावून विचारत होती, "आई, जबाबदारी तो का ती?"

"ती," मी म्हटलं.