माडाच्या आळ्यातला जंतू

बायको सूक्ष्मजीवांवर काम करते. मी वर्तमानपत्रातून निवृत्त. नागावच्या किनाऱ्यावरून, ओहोटीच्या वेळी, तिने ओली वाळू गोळा केली आणि प्रयोगशाळेत तिच्यातून एक जंतू वाढवला. काचेच्या बशीत त्याचे ठिपके मसूरडाळीच्या रंगाचे दिसत. त्याची जनुकं माहीत असलेल्या कुठल्याच जंतूशी जुळली नाहीत. नवी प्रजाती. गावाचंच नाव द्यायचं, असं तिने ठरवलं.

नव्या प्रजातीला मान्यता हवी तर जिवंत जंतू दोन देशांतल्या दोन संग्रहांत जमा करावा लागतो. तो पाठवण्याआधीच सुटीच्या दिवसांत डीप फ्रीझर बंद पडला. नंतर कितीही प्रयत्न केले तरी बशीत एकही ठिपका उठला नाही. जनुकांची नोंद संगणकात सुरक्षित होती. तिचा उपयोग नव्हता.

उरलेली वाळू तिने नागावला ठेवली होती. आम्ही नेहमी उतरतो त्या घरच्या काकूंच्या फ्रिजमध्ये, आमच्या घरून नेलेल्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. आम्ही तसेच निघालो. बरणी जागेवर होती. आत कोळंबीचं लोणचं होतं.

“काकू, यातली वाळू?”

“वाळू व्हती व्हय ती? मला वाटलं जवळा नासला. काय वास तो ताई! टाकला.”

“कुठे?”

“माडाच्या आळ्यात. दुसरं कुठं?”

मासळी धुतलेलं पाणी माडाच्या मुळाशी ओतायचं, ही इथली रीत. माशाचा वास येणारी कोणतीही वस्तू त्याच वाटेने जाते. माड तीन होते. नेमका कुठला, हे काकूंना आठवत नव्हतं.

बायको चमचा घेऊन पहिल्या माडाखाली बसली. शेजारीण कुंपणावरून पाहत होती.

“ताईंची कुडी हरवली काय?”

“जंतू हरवलाय,” मी सांगितलं.

“आमच्याकडनं न्या. पोरांच्या डोक्यात हायेत.”

तीन माडांची माती तीन पिशव्यांतून प्रयोगशाळेत गेली. मधल्या माडाच्या मातीतून मसुरी ठिपके उठले. जनुकं जुन्या नोंदीशी तंतोतंत जुळली. हा जंतू मिठावाचून जगत नाही. आळ्यात तो मरायलाच हवा होता. पण काकू मासळी खडेमीठ चोळून धुतात आणि ते पाणी रोज तिथेच ओततात.

शोधनिबंधाच्या परीक्षकाने विचारलं, वाळूतला जंतू माडाखाली कसा टिकला? बायकोने खरं ते लिहिलं. त्यावर पुन्हा प्रश्न आला नाही.

प्रजाती मान्य झाल्यावर बायकोने काकूंना फोन केला.

“काकू, जंतूला तुमच्या गावाचं नाव दिलं.”

“गावाचं? गावानं काय केलं? मिठाचं पाणी मी घातलं.”

प्रसिद्ध झालेलं नाव बदलता येत नाही, हे बायकोने त्यांना समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. बरणी त्यांनी परत दिलेली नाही.