मॅडमचा पडदा

रस्त्याच्या कामावर मी काय करते, हे नात्यातल्या कुणाला सांगून पटत नाही. मशीन चालवत नाही, डांबर ओतत नाही, मोजमाप घेत नाही. रस्ता रुंद करताना जी माती मोकळी होते ती पावसात वाहून ओढ्यात जाऊ नये, एवढं बघायचं. "म्हणजे चिखल अडवतेस?" असं माझ्या भावानं एकदा जेवताना विचारलं आणि सगळं घर हसलं. हो बाबा, चिखल अडवते. पन्नाशी जवळ आली, लग्न केलं नाही, आणि चिखल अडवते. हसा पोटभर.

पिशोरच्या अलीकडं काम चालू होतं तेव्हा गावात खताच्या दुकानावरची एक खोली घेतली होती. खाली युरियाचा वास, वर मी. संभाजीनगरात माझा फ्लॅट आहे, पण आई गेल्यापासून तिथं तरी कोण वाट बघतंय? साइटवर जेवायची सुट्टी झाली की इंजिनिअर मंडळी कंटेनरच्या ऑफिसात जायची, ड्रायव्हर लोक डंपरच्या सावलीत बसायचे, आणि मी रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर डबा उघडायची. कुणी मुद्दाम टाळायचं असं नाही. पण जी बाई दिवसभर "थांबा, इथं माती टाकू नका" एवढंच म्हणते, तिच्या शेजारी बसून भाकर मोडायला कुणाला आवडेल? कधी कधी डब्यातली भाजी संपेपर्यंत माझा स्वतःचा आवाज मी ऐकलेला नसायचा.

माझं मुख्य हत्यार म्हणजे एक जाड काळं कापड. भरावाच्या खालच्या अंगाला लाकडी खुंट्या ठोकायच्या, त्यांना हे कापड ताणून बांधायचं आणि त्याची खालची कड चर खणून मातीत गाडायची. पाणी कापडातून गाळून निघतं, माती मागं राहते. जेसीबीवाला त्याला 'मॅडमचा पडदा' म्हणायचा. "मॅडम, नाटक कब शुरू होगा?" असं विचारून दात काढायचा. मीही कधी कधी हसायची. हसायला तेवढंच निमित्त.

त्या टप्प्यावर एका मावशींचं घर होतं. एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा वाळूजला कंपनीत. वर रस्ता, त्याखाली लागून त्यांचं पत्र्याचं घर, घराखाली उतार, उताराच्या पायथ्याशी त्यांची विहीर, आणि विहिरीला खेटून ओढा. विहीर उथळ, कठडा नाही, पण पाणी काचेसारखं. तळाशी एक पितळी तांब्या पडलेला दिसायचा. कधीतरी हातातून सुटला होता. "काढा की गडी लावून," मी म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे माय. वर असता तर कुनी उचलून नेला असता. तिथं दिसतो तरी रोज."

ही विहीर नवरा-बायकोनं मिळून खणलेली. तो खाली कुदळ मारायचा, ह्या डोक्यावर पाटी घेऊन वर यायच्या. रस्त्यासाठी मोजणी झाली तेव्हा मोजणीवाल्यांनी अंगणाच्या कडेला खुंट्या ठोकल्या आणि "नुसत्या खुणा आहेत, घाबरू नका" म्हणाले. पुढच्या खेपेला खुंट्या आत सरकल्या आणि त्यात शेळ्यांचा गोठा गेला, चिंच गेली. हे सगळं मावशींनी मला चहा पाजत सांगितलं होतं. आता एवढी विहीर राहिली होती. तिच्यावरच घर, म्हैस आणि मावशी, तिघं जगत होती.

तो चहा माझ्या दिवसातला एकुलता एक चहा होता जो कुणी माझ्यासाठी ठेवलेला असायचा. गुळाचा, आल्याचा, बशीत ओतून. "आज उशीर केलास," असं मला त्या काळात जगात फक्त मावशी म्हणायच्या. एवढ्यासाठी मी सकाळची फेरी मुद्दाम त्यांच्या घराकडून सुरू करायची. खोटं कशाला बोलू!

मावशींच्या विहिरीवर माझा फार जीव. त्या बाजूचा भराव ताजा, मुरूम अजून बसलेला नव्हता. दोन तास जोराचा पाऊस पडला असता तर उतारावरून सगळा गाळ थेट विहिरीत. म्हणून तिथला पडदा मी स्वतः उभी राहून लावून घेतला. घर आणि विहीर यांच्या मध्ये, उतार संपतो तिथं. मावशींना समजावून सांगितलं की हे गाळासाठी आहे, विहीर वाचवायला आहे. त्यांची वाट अडली होती, जरा वळसा घालून जावं लागणार होतं. त्या मान हलवत होत्या. "बरं, बरं," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा गायब.

खुंट्या उपटलेल्या. आणि कापड? कापड रस्त्याकडेच्या नालीजवळ, छान चौकोनी घडी घालून, वर खुंट्यांची मोळी बांधून ठेवलेली. असला नीटनेटका चोर मी जन्मात पाहिला नव्हता. मी पुन्हा लावला. दोन दिवसांनी पुन्हा तीच घडी, तीच मोळी. मग माझं डोकं फिरलं. डंपरवाल्यांना फैलावर घेतलं, वॉचमनला नको ते बोलले, जेसीबीवाल्याला म्हटलं, "तुझंच काम असणार, तुलाच मशीन वळवायला जागा लागते." तो बिचारा अल्लाची शपथ घेऊन सांगत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आणि हे सगळं रामायण मी रोज मावशींच्या ओट्यावर बसून त्यांनाच सांगायची. "कोण हलकट उपटतो कळत नाही, मावशी. हात झडतील मेल्याचे." मावशी बशी पुढं सरकवायच्या. "असतंय एखादं," म्हणायच्या. "तू चहा घे. निवतोय."

पोळा झाला तरी पाऊस दडी मारून बसला होता. साइटच्या साहेबांना तर आनंदच, काम पळत होतं. मी मात्र रोज आभाळाकडं बघायची आणि पडदा पुन्हा उभा करायची. मग एका दुपारी खुलताबादच्या डोंगराकडून आभाळ काळं होत आलं. मी दुसऱ्या मोरीवर होते. स्कूटर तशीच दामटली. पोचेपर्यंत थेंब पडायला लागले होते आणि पडदा पुन्हा नालीजवळ घडी होऊन पडलेला होता.

कापड उचललं, खुंट्या काखेत मारल्या आणि उतारावर धावले. पहिली खुंटी दगडानं ठोकत होते तोच मावशी डोक्यावर पोतं घेऊन घरातून पळत आल्या. वाटलं, मदतीला आल्या. त्यांनी माझ्या हातातलं कापड हिसकलं.

"ठोकू नको! पाया पडते, ठोकू नको!"

"मावशी, सोडा! पाणी आलं वरून!"

"तुझी खुंटी पडली की विहीर तिकडं आन मी हिकडं. मला का समजत नाय? तवा बी खुनाच म्हनले व्हते. गोठा गेला, चिंच गेली. ही नाय देनार!"

मला क्षणभर काहीच कळेना. मग एकदम सगळं कळलं. ती घडी, ती मोळी, "असतंय एखादं". दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, तशी ही बाई माझी प्रत्येक खुंटी उपटत होती. अंधारातच उठून, पाठ दुखत असताना. आणि कापड मात्र घडी घालून ठेवत होती, कारण दुसऱ्याची वस्तू. मग चुलीवर माझ्यासाठी चहा. मला राग यायला हवा होता. मला रडू आलं.

"मावशी, आईची शपथ, ही हद्द नाही! हा गाळ बघा!"

मी वर बोट दाखवलं. भरावाची कड फुटली होती आणि तांबडं, जाड पाणी त्यांच्या अंगणाच्या कडेनं उतरत होतं. पिठल्यासारखं. मावशींनी ते बघितलं, खाली विहिरीकडं बघितलं आणि कापड सोडलं. नाही, सोडलं नाही. खाली दाबलं. आम्ही दोघी चिखलात गुडघे टेकून कापडाची कड हातांनी जमिनीला दाबत राहिलो. पण हातानं दाबलेलं कापड किती टिकणार? पाणी आमच्या बोटांखालून गेलं, कोपरांवरून गेलं आणि समोरच विहिरीत उतरलं. त्याचा आवाज मला अजून येतो.  पाऊस थांबल्यावरसुद्धा मावशी हात उचलेनात, मलाच उठवावं लागलं.

सकाळी विहिरीत पाणी नव्हतंच, गाळाचा काला होता. तांब्या कुठं खाली गेला कोण जाणे. मी तडक साहेबांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, गाळ आपल्या भरावाचा आहे, आपलं मशीन लावा, आपली माणसं लावा, विहीर उपसून द्या. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी नकाशा पसरला, चष्मा लावला आणि बोट फिरवत फिरवत थांबले.

"मॅडम, ही विहीर आपल्या हद्दीत येत नाही. हद्द घरापाशी संपली. हद्दीबाहेर मशीन कसं नेऊ?"

मी भांडले. टेबलावर हात आपटला. त्यांच्या चहावाल्यानं दारातून डोकावून बघितलं, एवढी ओरडले. उपयोग शून्य. हद्दीबाहेर म्हणजे हद्दीबाहेर. बाहेर आले, कठड्यावर बसले आणि पहिल्यांदाच वाटलं की आज मावशींकडं जाऊ नये. काय तोंड दाखवायचं? पण न जाऊन दुसरीकडं कुठं जाणार होते?

ओट्यावर बसल्या होत्या. वाळूजवरून मुलाचा फोन येऊन गेला होता. म्हैस विकून टाक, घराला कुलूप लाव, रविवारी न्यायला येतो, असं म्हणाला होता. पाण्याशिवाय इथं राहणार कशी, हे त्याचं खरंच होतं. मी खाली मान घालून सांगितलं, "मावशी, साहेबांनी नाही म्हटलं. विहीर हद्दीबाहेर आहे म्हणे. त्यांच्या नकाशातच नाही."

मावशींनी चटकन वर बघितलं. "काय म्हनले?"

"विहीर रस्त्याच्या हद्दीत नाही म्हणे."

"कागदावर हाय तसं? तू बघितलं?"

"बघितलं. हद्द घरापाशी संपते."

त्यांचं तोंड एकदम उजळलं. इतक्या दिवसांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. "मंग! मी म्हनत नव्हते? माझीच हाय ती!" माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. "पुन्यांदा सांग बरं, साहेब काय म्हनले?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "बस, चहा ठेवते," आणि कळशी उचलून सवयीनं उतारावरून विहिरीच्या वाटेला लागल्या. वाट आता मोकळी होती.