पेरूच्या बुडातली जिवाणी

राजमती चौगुलेला भ्यायला कारण लागायचं नाही. पलूसच्या शिवारात रस्त्याकडेला तिचं घर. रात्रीअपरात्री सोडाच, भरदिवसा कुणाच्या गाडीचा हॉर्न जरा लांबला तरी हातातलं टाकून ती दारात यायची. चालताना नजर कायम पायाखाली. मुंग्यांची रांग दिसली की थांबणार, वाकून बघणार, साडीचा काठ वर धरून लांब ढांग टाकणार. नवरा अजितकुमार स्टँडजवळ भांड्यांचं दुकान चालवतो. तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा, "हिच्यासंगं मंदिराला निघालं की माणसं आमाला परत येताना भेटत्यात."

असल्या बाईच्या मागच्या खोलीत पिंजराभर किडे वाढत होते, हे शेजारच्या कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. आणि राजमतीनं ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

किडे लेकीचे. ब्राह्मी सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती, तेव्हा कुण्या मैत्रिणीकडून तिनं ते आणले. काडीकिडे. पुढं तिला पुण्यात नोकरी लागली, खोलीची मालकीण किडे म्हटल्यावर दारातच आडवी आली, आणि पिंजरा आईच्या गळ्यात पडला. लाकडी चौकट, चारी बाजूंनी बारीक जाळी, आत अरुंद तोंडाच्या बाटलीत पेरूचे डहाळे. बाटलीच्या तोंडाला कापूस कोंबलेला, पिल्लं पाण्यात पडून मरू नयेत म्हणून. पहिल्या दिवशी राजमतीनं आत डोकावून बघितलं. तिला वाटलं, लेकीनं वाळल्या काड्या कशाला जपून ठेवल्यात. तेवढ्यात त्यातल्या एका काडीनं पाय उचलला. राजमती मागं सरली ती पाठ भिंतीला लागेपर्यंत.

सवय झाली, पण भ्या गेलं नाही. नुसता श्वास लागला तरी सगळ्या काड्या एकदम डुलायच्या. झाडावर वारं आल्यासारख्या, आणि खोलीत तर वाऱ्याचं नाव नाही. हात लावला की पाय अंगाशी घेऊन मेल्यासारख्या पडायच्या. खरंच मेली की सोंग करतेय हे कळेपर्यंत राजमतीच्या तोंडात णमोकार मंत्र. कात टाकताना उलट्या लटकायच्या, जुन्या अंगातून नवं अंग ओढून काढायच्या, आणि झालं की आपलीच कात पायांत धरून खायला लागायच्या. ते पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी ती जेवली नाही.

आणि यांच्यात नर नव्हता. ब्राह्मीनं फोनवर हसत सांगितलं की सगळ्या बायाच आहेत, यांना नर लागतच नाही, एकटीच अंडी घालते आणि त्यातनं पुन्हा बायाच निघतात. राजमतीच्या मनात आलं, नर नाही, लगीन नाही, मग थांबायचं तरी कुठं? तिनं लेकीला तसं विचारलं नाही. पण दुपारी घर निवांत असलं की खालच्या कागदावर अंडी पडल्याचा आवाज यायचा. टप्. जरा वेळानं पुन्हा टप्.

एवढं असून तिनं त्यांची हयगय केली नाही. सकाळी पाण्याची बारीक फवारणी, ताजा पाला, दिवस मावळायच्या आत सगळी झाडलोट. बी-बियाण्यासारखं तपकिरी अंडं, त्याच्या टोकाला फिकट बोंड. विष्ठेच्या गोळ्यांतून ते वेचायला तिची नजर बसली. ओल्या वाळूच्या डबीत ठेवलेली अंडी दोन-तीन महिन्यांनी फुटायची. एखाद्या पिल्लाचा पाय टरफलात अडकला तर ती ओल्या ब्रशानं हळू सोडवायची. तुटलेला पाय पुढच्या कातीला पुन्हा फुटतो हे कळल्यावर तिला जितका आनंद झाला, तितकाच अंगावर काटाही आला.

अंडी मात्र आवरेनात. ब्राह्मीनं सांगून ठेवलं होतं, जास्तीची अंडी फ्रीजरमध्ये ठेव, दोन दिवसांनी कचऱ्यात टाक, आणि काही झालं तरी बाहेर सोडू नकोस, त्या आपल्या भागातल्या नाहीत. राजमतीनं "व्हय" म्हटलं. पण फ्रीजरमध्ये ठेवायची म्हणजे मारायचीच की. तिचा हात होईना. आणि डबीत बंद ठेवावी, तर उद्या हजार तोंडांना पाला कुठला आणायचा?

मग तिला तिचं माहेर आठवलं. आष्ट्याला त्यांच्या मळ्यात आई विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायची. गाळून झालं की कापडावर राहिलेली जिवाणी, म्हणजे पाण्यातले ते बारीक जीव, तशीच झटकून टाकायची नाही. कापड उलटं करून वरून स्वच्छ पाणी सोडायचं आणि ती जिवाणी ज्या विहिरीतली त्याच विहिरीत, पाण्याच्या जवळ बादली नेऊन, अलगद सोडायची. दुसऱ्याच्या विहिरीत सोडली तर जीव मरतो आणि पाप लागतं. लहानपणी राजमती आईच्या पदराला धरून हे बघत उभी असायची.

काड्यांचा पाला बांधावरच्या पेरूचा. म्हणजे त्यांचं अन्न तिथलं, बूड तिथलं. कागदावरची विष्ठा आणि अंडी ती पदराआड घेऊन जायची आणि पेरूच्या बुडात, पाचोळा बाजूला करून, अलगद ठेवून यायची. वर पुन्हा पाचोळा. लेकीला दिलेला शब्द तिनं मोडला नव्हता. एकही काडी तिनं बाहेर सोडली नव्हती. जिथला जीव तिथं पोचवला होता, एवढंच. वर्षभर हे चाललं. घरी परत येताना तिला हलकं वाटायचं.

पेरूच्या पलीकडं इलियास मुलाणीची द्राक्षबाग होती.

पौषातल्या एका दुपारी इलियास दारात आला. चाळिशीचा माणूस, राजमतीला काकू म्हणणारा, तिच्या हातचं ताक पिऊनच बांधावरून परत फिरणारा. आज त्याच्या हातात प्लास्टिकची बाटली होती. बाटलीत एक काडी, सहा पायांवर उभी.

"काकू, ह्ये काय हाय बघा बरं."

राजमतीनं बघितलं. तिच्या हातातला तांब्या खाली ठेवायला जागा सापडेना.

इलियास उंबऱ्यावरच बसून सांगत राहिला. बांधाकडच्या शेवटच्या ओळीत पानं कातरलेली दिसत होती. आधी वाटलं, शेळी घुसली. मग मांडवाच्या खांबाला, डांबाला ही चिकटलेली. औषधाच्या दुकानदारानं फोटो बघून हात वर केले, असलं बघितलंच नाही म्हणाला, कडक औषध मार म्हणाला. पण मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं, द्राक्षं पिकायला आली होती. आता कडक मारलं तर मालात औषध राहतं, मग व्यापारी बागेत पाय टाकायचा नाही. नाही मारलं आणि हे पसरलं, तर एकट्या त्याचीच नव्हे, शेजारच्या सगळ्या बागांची गत. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कालपासून एकच चाललं होतं, ही कीड आली कुठनं.

"कुनी बाहेरनं आनून सोडली आसंल तर त्याला गावात उभा करून विचारनार म्हनत्यात," इलियास म्हणाला. मग बाटली पुढं केली. "तुमच्या ब्राह्मीला फोटो पाठवा की. तिला कळतंय किड्यातलं."

"पाठवते," राजमती म्हणाली.

मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ती त्या फटीसमोर जाऊन उभी राहिली, जशी काही सहजच उभी आहे. इलियासनं ताक मागितलं नाही आणि तिला द्यायचं सुचलं नाही. जाताना तो म्हणाला, उद्या सकाळी कडक औषध मारायला ट्रॅक्टर जोडणार, जे होईल ते होईल.

तो गेल्यावर ती तिथंच भिंतीला टेकून बसली. अजितकुमारला फोन लावावा म्हणून हातात घेतला आणि ठेवला. दुकानात चार माणसं असणार, त्यांच्यासमोर तो काय बोलणार. ब्राह्मीला फोटोही पाठवला नाही. पाठवला असता तर लेक पहिला प्रश्न हाच विचारणार, आई, तू अंडी कुठं टाकलीस?

मग भ्यायलेल्या माणसाला सुचतं तसं तिला एक सुचलं. पानं खरंच शेळीनं खाल्ली असतील. काड्या नुसत्या पेरूच्या आधारानं डांबावर आल्या असतील. त्या द्राक्षाचं पान खातच नसतील, तर बागेला धोका नाही. मग सांगायचंच कशाला?

दिवस कलता ती बांधावर गेली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, इलियासच्या ओळीतलं एक कोवळं पान खुडून मुठीत धरलं. आयुष्यात तिनं दुसऱ्याच्या बागेतलं काही न विचारता घेतलं नव्हतं. घरी येऊन पिंजऱ्यातले पेरूचे डहाळे काढले आणि ते एकटं पान बाटलीत खोचलं. जीव उपाशी ठेवणं हेही पापच. पण एका दिवसाचं तर आहे, असं तिनं मनाला सांगितलं.

सकाळी धुई इतकी दाट होती की खोलीत दिवा लावावा लागला. पानाच्या कडेला अर्धे चंद्र कोरले होते. एक, त्याच्यापुढं दुसरा, जणू कुणी कात्रीनं शिवणीचं कापड कापावं. राजमती ते बघत उभी राहिली. मग तिची नजर खाली गेली.

जाळीला दोन-चार तेवढ्या लटकून होत्या, बाकी सगळ्या काड्या कागदावर पडल्या होत्या. तिला वाटलं, सोंग करतायत. तिनं फुंकर मारली. खालची एकही डुलली नाही. काहींचे पाय अजून कापत होते, शिवण उसवल्यासारखे वेडेवाकडे. पानावर औषधाचे फिकट निळे ठिपके होते. पलूसमध्ये शेंबडं पोरसुद्धा जाणतं की बागेतलं पान धुतल्याशिवाय कुठल्या जिवाला घालायचं नाही. शेळीलाही घालत नाहीत. तिला ठाऊक होतं. भ्यानं तिच्या डोक्यातनं तेवढंच गेलं होतं.

मुंगीला वाट देणाऱ्या बाईनं आपल्या हातानं एवढे जीव मारले. पण रडायलाही तिला वेळ मिळाला नाही. पलीकडं ट्रॅक्टर सुरू झाला.

ती धुईतून अनवाणी पळाली. पायाखाली काय आहे ते बघितलं नाही. इलियास टाकीत औषध ओतायच्या बेतात होता, तोंडाला फडकं बांधलेलं.

"इलियास, थांब बाबा. ती माझी हाईत."

त्यानं फडकं खाली ओढलं. राजमतीनं सांगितलं. पिंजरा, अंडी, फ्रीजर, पेरूचं बूड, काल खुडलेलं पान, सगळं. जिवाणीचं सांगताना ती मधेच अडखळली, कारण बोलता बोलता तिलाच ते ऐकू आलं: जीव ज्या विहिरीतला त्याच विहिरीत, आणि हे जीव तर इथले नव्हतेच. इलियास ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मुंगीला वाट देता तुमी," तो शेवटी म्हणाला. "आन माझ्या बागंला न्हाई दिली."



त्यानं औषधाचा डबा खाली ठेवला. मग विचारलं, पान कवा खुडलं, कुठल्या ओळीतलं. परवा त्यानं फुलकिड्यांचं हलकं औषध मारलं होतं, तेवढ्यावरच मेल्या म्हणताय? राजमतीनं मान हलवली. "म्हंजे कडक लागतच न्हाई," तो स्वतःशीच म्हणाला. "मरत्यात. पर खालनं रोज नवी फुटत्यात, म्हनून दिसत्यात." मग तिच्याकडं वळला. "जागा दावा. नेमकी दावा."

तिनं पेरूखालचा पाचोळा हातानं बाजूला केला. माती आणि अंडी एकाच रंगाची. तिला अंडी दिसत होती, इलियासला दिसत नव्हती. आपण नुसतं गप्प राहिलो तर त्याला कधी कळणार नाही, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग ती बोटानं दाखवत गेली. हितं. हितं बी. मुळाच्या त्या अंगाला. इलियासनं खोऱ्यानं वीतभर माती उचलली आणि घमेल्यानं लांब नेली. पुढं काय केलं ते तिनं विचारलं नाही. धूर दिसला.

गावात त्यानं कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं हे राजमतीला कळलं नाही, आणि त्याचंच भ्या तिला जास्त वाटे. अजितकुमारला तिनं त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला की माल उतरेपर्यंत त्या बांधाकडं तोंड वर करून जाऊ नको. राहिलेल्या दोन-चार काड्या ब्राह्मी येऊन घेऊन गेली. आईवर ती चिडली नाही, पण पिंजरा उचलताना तिनं आईचा हात लागू दिला नाही.

पण इलियासनं एकच अट घातली होती. माल उतरेपर्यंत रोज सकाळी बांधाकडच्या ओळी काकूंनी स्वतः बघायच्या. त्याची नजर काडी आणि फांदी वेगळी ओळखत नव्हती, तिची ओळखत होती.

म्हणून ती जाते. धुईत, वेलीखाली वाकून, डोक्यावर पदर. घड तोंडाशी लोंबतात, ती त्यांना धक्का लागू देत नाही. प्रत्येक देठ तिला पायासारखा दिसतो. वेलीचे हिरवे दोरे तारेला वेटोळं घालून असतात, त्यांच्याकडं बघताना तिला वाटतं, आत्ता हलेल. हलत नाही. तिचा जीव जरा खाली येतो. मग पुढचा देठ. काही दिवस काहीच सापडत नाही, आणि न सापडण्याचं भ्या सापडण्यापेक्षा मोठं असतं. आपली नजर चुकली असेल, कुठंतरी पानाखाली एक बसली असेल, एकटीच, आणि एकटी पुरते.

एका सकाळी दिसली. पानाच्या शिरेला लागून, नखाएवढी, नुकती फुटलेली. राजमती थांबली. इलियास पुढच्या ओळीत पाठमोरा होता, ठिबकची नळी बघत होता. तिचा पदर हाताशी होता. पदरात एवढासा जीव सहज बसला असता.

ती पिल्लाकडं बघत राहिली. तिचा श्वास लागला तसं ते हळूच डुललं.

"इलियास," ती म्हणाली, "हितं एक हाय."

तो आला. त्यानं पान देठासकट खुडलं आणि तिला म्हणाला, "काकू, तुमी जरा तिकडं तोंड करा."

राजमतीनं तोंड फिरवलं नाही.