बकरीने खाल्लेली चार पानं

"हे पुस्तक छापखान्यातलं नाही," नाना वकील म्हणाले आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

नाना आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. मी पारोळ्याच्या त्या वाचनालयात नवा ग्रंथपाल. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. त्या दिवशी नाना आणि चार सदस्यांची निर्लेखनाची मीटिंग होती. निर्लेखन म्हणजे फाटकी पुस्तकं रजिस्टरमधून कमी करणं. कमी झालेलं पुस्तक रद्दीत जायचं आणि तिथून शेंगदाण्याच्या पुड्यांत.

पुस्तक लहान मुलांचं होतं. वादळात सापडलेल्या जहाजाची गोष्ट. मधली चार पानं वहीच्या कागदावर हाताने लिहून, सुतळीसारख्या जाड दोऱ्याने शिवलेली होती.

"शेवटचं कोणी नेलं होतं?"

"आबांनी. दर बाजारी तेच नेतात."

आबा शेजारच्या खेड्यातले कापूसवाले शेतकरी. त्यांना अक्षरओळख नव्हती. दर रविवारी बाजाराला आले की रजिस्टरवर अंगठा उठवायचे आणि तेच पुस्तक पुन्हा मागायचे. नेत होते ते नातीसाठी, यमुनासाठी. गावची शाळा चौथीपर्यंत. ती संपली आणि यमुना घरी बसली. मुलांना तेव्हा सभासद होता येत नसे, म्हणून सभासद आबा.

"परत घेताना उघडून पाहिलं नाही?" नानांनी विचारलं.

नव्हतं पाहिलं. बाजाराच्या दिवशी गर्दी असायची. जाडी बरोबर वाटली, मी 'सुस्थितीत परत' असा शेरा मारून मोकळा झालो. असं चार आठवडे चाललं. प्रशिक्षणात पहिला आलेला माणूस मी. लाजेने कान गरम झाले.

नियम साफ होता. पुस्तक खराब केलं तर सभासदत्व रद्द. म्हणजे त्या मुलीचं वाचणं संपलं. रविवारच असल्याने मी आबांना बाजारातून बोलावून आणलं. यमुनाही आली. दहा-अकरा वर्षांची, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली.

आबांनी पागोटं काढून हातात धरलं. "चूक मनी शे, नाना. पुस्तक मी गोठामा ठेयेल व्हतं. बकरीनी चार पानं खाई टाकात."

"मग ही कोणी लिहिली?"

"पोरनी. तिले बठ्ठं तोंडपाठ शे."

"सांगायचं नाही का?"

आबा हळूच म्हणाले, "सांगतो तं तुम्ही पुस्तक बंद करतात."

नानांनी पानं उघडली आणि साक्षीदाराचा कागद वाचावा तशी कोरड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. वादळ आलं, शीड फाटलं, इथवर ठीक होतं. मग कप्तान बोलू लागला.

"पोरंहो, घाबरू नका. बठ्ठा जन दोर धरा. मी शे ना आठे."

एक सदस्य फिसकन हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी घरी बोलतात तशी. नाना मूळचे शिंदखेड्याकडचे, त्यांच्या घरची बोली हीच, पण कोर्टात आणि मीटिंगमध्ये कधी बोलीतलं अक्षर तोंडातून निघू द्यायचे नाहीत.

"यमुना, मूळ पुस्तकात कप्तान असा बोलतो का गं?"

तिने मान हलवली. नाही.

"मग तू असं का लिहिलंस?"

"पोरं घाबरेल व्हतात ना," ती म्हणाली. "मंग त्यासले दुसरं कसं सांगतीन?"

नानांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "माझी आई अशीच बोलायची," एवढंच म्हणाले.

मग चारही पानं वाचून झाली. चारही सदस्य ऐकत होते. विषयपत्रिकेवरचे पुढचे तीन विषय तसेच राहिले.

ठराव झाला: पुस्तक कमी करू नये. मुलांना सभासद करून घ्यावं. पहिलं नाव यमुनाचं लागलं. तिने अंगठा नाही, सही केली, आणि आबा ती सही पाहतच राहिले.

मी बाईंडिंगला पुस्तक टाकताना बाईंडरला बजावलं, ती पानं काढायची नाहीत. रजिस्टरमध्ये लेखकाच्या रकान्यात मूळ नावाखाली लिहिलं: 'आणि यमुना, चार पानांपुरती.' असा शेरा कोणत्याही नियमात बसत नाही.

पुढे याच पुस्तकाची नवी कोरी प्रत आली. ती बरीच वर्षं कोरीच राहिली. मुलं काउंटरवर येऊन विचारायची, "आपला कप्तान शे ते पुस्तक द्या ना." यमुनाने त्यानंतर आमची दोन कपाटं वाचून संपवली. लग्न होऊन भुसावळला गेली, तेव्हा नाव कमी करायला आली नाही. तिकडच्या वाचनालयासाठी माझी शिफारशीची चिठ्ठी घ्यायला आली.

तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं शिकलो: परत आलेलं पुस्तक उघडून बघावं. आणि रद्दीत घालायचंच असेल, तर आधी मोठ्याने वाचावं.