दहा फुटांपलीकडचे तात्या

सोपानतात्यांनी पहिल्याच भेटीत मला गळा कापायची धमकी दिली. म्हणजे, मला तसं वाटलं.

सकाळचे साडेनऊ झाले होते. शाळा बंद, ऑफिस घरात, आणि मी मोशीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत हेडफोन लावून कंपनीच्या मीटिंगला 'हो, नक्की, करतो' असं म्हणत उभा होतो. पाच वर्षांची ओवी माझ्या डाव्या पायावर बसून घोडा-घोडा करत होती. समोर बी विंग. बिल्डरनं दोन इमारतींच्या मध्ये जेमतेम दहा फूट जागा सोडलेली. तिकडे फोडणी पडली की इकडे शिंक येते. त्या समोरच्या गॅलरीत बनियन आणि मास्क घातलेले एक आजोबा माझ्याकडे रोखून पाहत होते. मी पाहिलं तसा त्यांनी तळहात आडवा केला आणि स्वतःच्या गळ्यावरून सर्रकन फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. मग माझ्या घराकडे बोट केलं आणि पुन्हा गळा.

मी ओवीला उचलून आत पळालो, दार लावलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर शुद्ध मराठीत लिहिलं, 'बी विंगमधील एक ज्येष्ठ नागरिक मला गळा कापण्याची धमकी देत आहेत. कृपया दखल घ्यावी.' मिनिटभरात त्याच ग्रुपवर एक आवाजी निरोप आला. आवाज एवढा मोठा की फोन हातात थरथरला. "सायेब, गॅस बंद करा! दूध जळतंय तुमचं!"

दूध कधीच जळून गेलं होतं. पातेलंही गेलं. ग्रुपवर एकशे बारा लोक होते.

नंतर उलगडा झाला. सोपानतात्या चाकणजवळच्या एका खेड्यातले. चौतीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते, शेवटची बारा वर्षं सुपरवायझर. प्रेस शॉप म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या घराएवढ्या मशिनींचं खातं. तिथं दिवसभर असे ठोके पडत असतात की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. त्यामुळे सगळा कारभार हातांच्या खुणांवर. गळ्यावरून तळहात म्हणजे 'मशीन बंद कर'. मूठ घट्ट आवळून छातीशी धरली की 'धरून ठेव, हलू नको'. बोटांची चोच तोंडाशी नेली की 'जेवायला चल'. आणि गळ्यापाशी नसलेला टाय ओढला की 'साहेब येतोय'. ठोक्यांनी तात्यांचे कान निम्मे नेले होते, पण बोटं शाबूत होती. ती ते पंजे पसरून दाखवत. "प्रेसला चौतीस वर्षं काढली आन् धाच्या धा बोटं घिऊन घरी आलो. शाल-नारळ कंपनीनं दिला, त्यो सत्कार न्हवं. सत्कार ह्यो."

तात्यांच्या घरच्या, म्हणजे काकू, लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या होत्या आणि सगळं बंद झाल्यावर तिकडेच अडकल्या. तात्या इकडे एकटे. माझी बायको मानसी औषधांच्या कंपनीत. तिचं काम थांबणं शक्यच नव्हतं. सकाळी साडेसहाला कंपनीची बस तिला घेऊन जाई आणि मी, एक लॅपटॉप आणि ओवी असे तिघं उरत असू. तिघांत सगळ्यात कमी समज कुणाला, हे आठवड्याभरात तात्यांच्या लक्षात आलं.

"सायेब, पोरीला गॅलरीत सोडा. मी बगतो," ते म्हणाले.

"तिथून कसं बघणार, तात्या?"

"आवो, मी केबिनीतून अठ्ठावीस मशिनी बगायचो. ही तर येकच हाय."

अशी ओवीची शाळा सुरू झाली. ती आमच्या गॅलरीत, तात्या त्यांच्या, मध्ये दहा फूट हवा. मास्कमुळे तोंडं झाकलेली, त्यामुळे खुणांवाचून इलाजही नव्हता. पंधरा दिवसांत पोरगी तरबेज झाली. माझी मीटिंग चालू असताना ती दारात येऊन चोच करून दाखवी, मी पंजा दाखवून पाच मिनिटं मागे. घरात शांतता नांदू लागली. मानसीची बस वळणावर दिसली की तात्या तिकडून टाय ओढत, ओवी आत येऊन टाय ओढी आणि मी सोफ्यावरून उठून भांडी घासायला लागे. हा माझ्या संसारातला सर्वांत सुरळीत काळ.

पण तात्यांची एक अट होती. चार्ज. पाळी बदलताना जाणारा गडी येणाऱ्या गड्याला मशीन सोपवतो, तो चार्ज. रोज पावणेअकराला मी गॅलरीत उभं राहून ओवीचा चार्ज द्यायचा. काय खाल्लं, किती झोपली, कशावरून रडली, आज काय बिनसलंय. तात्या ऐकून छातीवर दोनदा मूठ आपटत. तो चार्ज मिळाल्याचा शिक्का. तो मिळाल्याशिवाय मी आत जायचं नाही.

"सकाळी काय खाल्लं?"

"पोहे."

"किती?"

"खाल्ले हो, तात्या."

"खाल्ले म्हंजी? निम्मे चिमण्यांना टाकले तिनं. मी बगितले. तुमी व्हता कुटं?"

मी तिथेच होतो. फोन बघत होतो.

त्यातच तो गुरुवार उगवला. चाकणच्या एका कारखान्याला आम्ही एक प्रोग्राम बनवून देणार होतो. कुठली मशीन चालू, कुठली रिकामी, हे ऑफिसात बसून दिसावं असा. अकराला त्याचं प्रात्यक्षिक. काम मिळालं तर आमची सहा जणांची टीम राहणार, नाहीतर नाही. आमचा मॅनेजर देसाई आदल्या दिवशी फोनवर म्हणाला, "अभिजित, हा गेला तर आपण सगळे गेलो, राव." घराचे हप्ते, ओवीची शाळा, सगळं त्या एका तासावर आलं होतं.

सकाळपासून इंटरनेट रुसलेलं. पावणेअकरा होऊन गेले. मी चष्मा कपाळावर चढवून घरभर राउटर फिरवत होतो. त्याच धांदलीत मी गॅलरीत धावलो, समोर तात्यांची पांढरी आकृती दिसली, आणि मी ओरडलो, "तात्या, उपमा खाल्लाय, मूड बरा आहे, चार्ज तुमच्याकडे!" आकृती दोनदा हलली. मी खूश. ओवीला तिथं सोडून, दार ओढून मी आत.

ती आकृती म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं तात्यांचं बनियन होतं. वाऱ्यानं हललं. पोटच्या पोरीचा चार्ज मी एका बनियनला देऊन आलो होतो.

प्रात्यक्षिक छान रंगलं. पडद्यावर कारखान्याच्या मोठ्या मॅडम, त्यांची चार माणसं, देसाई. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो आणि बोलता बोलता नजर वर गेली. तात्या गॅलरीत उभे. अंगाला साबण, खांद्यावर पंचा. डावी मूठ आवळून छातीशी गच्च धरलेली, नजर माझ्या गॅलरीवर, आणि उजवा हात गळ्यावरून सपासप फिरतोय. तोंडातून अवाक्षर नाही.

मी वाक्य अर्धं सोडलं. खुर्ची मागे पडली. काय, कशाला, काही विचार केला नाही, तात्या नेहमी म्हणत, "खूण दिसली की आदी थांबायचं, मंग इचारायचं." दार उघडलं तर ओवी कठड्याशी प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभी. तो स्टूल सकाळी कपडे वाळत घालताना मीच तिथं ठेवला होता. बनियनवाले तात्या बोलत नाहीत म्हणून खरे कुठे गेले ते बघायला ती चढली होती. पोटापासून वरची सगळी कठड्याबाहेर. पण दोन्ही हातांच्या मुठी गजावर घट्ट, कारण समोर तात्यांची मूठ छातीशी होती आणि त्या खुणेला हलायचं नसतं हे तिला माहीत होतं. तात्यांनी हाक मारली असती तर ती दचकली असती. त्यांनी मारली नाही.

मी तिला उचललं. पायानं स्टूल आत लोटला. ती म्हणाली, "बाबा, मी बरोबर धरलं ना?"

परत येऊन पाहतो तर पडदा रिकामा. नेट गेलं होतं की माणसं, कळेना. देसाईचा निरोप होता, 'काय केलंस हे?' मी खरं ते सांगितलं. त्यानं मॅडमना कशीबशी गळ घालून सोमवारची वेळ मिळवली. शेवटची.

आणि तात्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं. तासाभरानं त्यांचा आवाजी निरोप आला, या वेळी हळू आवाजात. "सुपरवायझर सोपान कड. चौकशी हुईस्तोवर निलंबित." त्यांच्या खात्यात अपघात होता होता टळला तरी सुपरवायझर खात्याबाहेर उभा राही, चौकशी पुरी होईपर्यंत. शुक्रवार गेला, शनिवार गेला. ओवी बंद दाराकडे बघून चोच करी, टाय ओढी. दार हलेना. सोमवारी तिला कोण सांभाळणार, हा प्रश्न माझा. पण तिचा वेगळाच होता. "तात्या माझ्यावर रागावले?"

मानसीला मी काहीच सांगितलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ओवीनं सांगितलं, हातांनी, स्टुलासकट. त्यानंतर मानसी माझ्याशी जे बोलली ते इथे देत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गॅलरीत खुर्ची टाकून बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तात्या, बाहेर या. चौकशी आहे. चौकशी अधिकारी मी."

दार उघडलं. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी घालून आले आणि ताठ उभे राहिले.

"पाण्याची येळ चुकली. गॅलरी मोकळी टाकून अंगुळीला गेलो. चूक माजी हाय, बाय."

"चार्ज कधी घेतला होता?"

"घेतलाच न्हवता."

"मग चूक तुमची कशी? अभिजित, चार्ज कुणाला दिलास?"

मी पुटपुटलो.

"मोठ्यानं."

"तात्यांच्या बनियनला."

तात्यांचे कान निम्मेच चालायचे. "कुनाला?"

"बनियनला!" मी ओरडलो. आमच्या ए विंगच्या चार खिडक्या उघडल्या.

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मास्कच्या आत ते एवढे हसले की टोपी पडली. "आवो सायेब, निदान त्याचा बिल्ला नंबर तरी इचारायचा!"

हसू ओसरल्यावर मी त्यांना सोमवारची अडचण सांगितली. ते कठड्यावर रेलले आणि गंभीर झाले. "आता सोमवारचं बोलू. तुमी पोरीला लपवताय कशापायी? आमच्याकडं कायदा व्हता. दोनी हात नजरंला पडल्याबिगर बटन दाबायचं न्हाई. हात दिसंना का? मशीन चालू करायची न्हाई. मालक हुबा असू द्या न्हाईतर मंत्री. जे लपतंय तेच चिरडतं, सायेब. पोरीला शेजारी बशिवा. त्यास्नी दिसू द्या."

"आणि काम गेलं तर?"

"जाऊ द्या. मी बोटं राखली, काम बी राह्यलं. येकादवेळी न्हाईबी राहत. पर येकदा बोट गेलं की मंग कोन आनून देतं?"

सोमवारी ओवी माझ्या शेजारी खुर्चीवर, पडद्यावर दिसेल अशी. मी मॅडमना सुरुवातीलाच सांगितलं, "ही माझी मुलगी. शाळा बंद आहे. ही इथेच बसेल." देसाईनं डोळे मिटले. मॅडम "बरं" म्हणाल्या आणि काम सुरू झालं. अर्ध्या तासानं त्यांनी शंका काढायला घेतल्या. एक झाली, दोन झाल्या, आठ झाल्या, बाई थांबेचनात. मला उत्तर द्यायला फट मिळेना. ओवीनं माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं आणि तळहात आडवा करून गळ्यावरून सर्रकन फिरवला.

मॅडम थांबल्या. वाक्याच्या मध्येच थांबल्या. देसाईनं तोंडावर हात घेतला. मी मेलो.

"प्रेस शॉप?" मॅडमनी विचारलं. आवाज एकदम बदललेला. "मी ट्रेनी असताना दोन वर्षं होते तिथे. कुणी शिकवलं गं तुला?"

"तात्यांनी," ओवी म्हणाली. "आता बाबांना बोलू द्या."

काम मिळालं. ओवीमुळे, असं मानसी म्हणते. प्रोग्राममुळे, असं मी म्हणतो. स्वतःमुळे, असं देसाई म्हणतो. काम मिळाल्याचं कळलं तेव्हा मी गॅलरीत नाचलो. खरोखर, हात वर करून. समोर तात्याही दोन्ही पंजे पसरून नाचत होते, आणि त्या खुणेचा अर्थ मी कधी विचारला नाही.

दोन महिन्यांनी रस्ते मोकळे झाले आणि तात्या गावी निघाले, ते कायमचेच. पुढे फोनवर बोलत राहिलो. कान गेलेला माणूस आणि फोन, त्यामुळे बोलणं कमी आणि आरडाओरडा जास्त. गेल्या वर्षी ते गावीच गेले. झोपेत. मी दहाव्याला जाऊन आलो. ओवी आता मोठी झालीय. तिनं चार ओळी लिहून दिल्या होत्या, त्या काकूंनी देव्हाऱ्यात ठेवल्या.

पण तात्या म्हटलं की मला आठवतो तो ते गावी निघाले तो दिवस. खाली पार्किंगमध्ये टेंपोत सामान भरलेलं, तात्या बाजूला उभे, आणि ओवी धावत गेली ती त्यांच्यापासून दोन हातांवर येऊन थबकली. बी विंगच्या गॅलरीला पोटापर्यंत विटांचा कठडा आहे. इतके महिने तिनं त्यांना पोटाच्या वरच पाहिलं होतं. तिनं त्यांच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. धोतर बघितलं. करकरणाऱ्या वहाणा बघितल्या. मग माझ्याकडे वळून, अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "बाबा! तात्यांना पाय आहेत!"

"मंग? चाकं लावली असतील वाटलं व्हय गं तुला?" तात्या म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत, तिच्या उंचीला येईस्तोवर खाली खाली बसत गेले.