मरियेच्या कानाचा रुमाल

मार्थामावशी नाताळाच्या गव्हाणीसमोर आली की प्रार्थना राहायची बाजूला. मरियेच्या पुतळ्याकडे बघून ती आधी नाक मुरडायची. "ही बाळंतीण हाय का लगनाला आलेली पाव्हणी? बाईचा एक केस इस्कटला न्हाई!" मग पिशवीतून चुरगळलेला तपकिरी रुमाल काढून त्या निळ्या पदराच्या मरियेचे कान ती गच्च बांधायची. शेजारी खेळण्यातली शेगडी आणि तिच्यात चिमूटभर ओवा. हे दरवर्षी, आमच्या सेलूच्या चर्चमध्ये, सगळ्यांदेखत.

मला तिची शिसारी यायची. मी परभणीहून लग्न होऊन आलेली, बी.ए. झालेली, सजावटीची प्रमुख. ती जिनिंगमध्ये कापूस निवडून पाच पोरं वाढवलेली, आवाज भोंग्यासारखा. मी गव्हाणीपुढे कापसाचा बर्फ पसरला की ओरडायची, "सेलूत बर्फ कुनी बघितला गं? ह्या कापसापायी माझी छाती गेली, आन तू त्यो भुईवर हातरायलीस!" बाळ येशूला भेटी आणणाऱ्या पूर्वेच्या ज्ञानी लोकांचे पुतळे मांडले की त्यांचाही उद्धार. "सोनं, ऊद, गंधरस! तिघातल्या एकाला तरी डिंकाचे लाडू सुचावेत? शेवटी गडीमानसंच!"

"मावशी, ती पवित्र मरिया आहे," मी दातओठ खात म्हणायची.

"पवित्र हाय म्हून कानात वारं शिरत न्हाई का?"



एका वर्षी नाताळात माझी लेक दोन महिन्यांची होती आणि सारखी रडायची. मला दूध पुरत नव्हतं, पण हे मी सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं. विचारलं की, "छान चाललंय हो!" इस्त्रीची साडी, तोंडाला पावडर, लेकीला झालरीचा टोचरा फ्रॉक, अशा थाटात नाताळच्या उपासनेला मी हजर. बाहेरून पाहुणे पाळक आले होते, म्हणून मावशीचा रुमाल मी सकाळीच सोडून कचऱ्याच्या टोपलीत टाकला होता.

उपदेश सुरू झाला आणि लेकीने टाहो फोडला. थोपटलं, जोजवलं, ती काही थांबेना. लोक माना वळवून बघायला लागले. तेवढ्यात मावशी उठली. टोपलीतला रुमाल उचलून तिने झटकला, मला ओढत गव्हाणीच्या आडोशाला नेऊन बसवलं आणि तो रुमाल माझ्याच कानांवर आवळला.

"लेकरू भुकेलंय. पाज. दूध उतरंना व्हय?"

सगळ्या चर्चने ऐकलं. मला वाटलं, भुई दुभंगावी. पण तोंडातून निघालं ते, "नाही पुरत, मावशी." आणि मी हमसून हमसून रडले. मावशीने माझ्यावर शाल धरली, लेकीच्या फ्रॉकची बटणं सोडली. पिता पिता तिचा डोळा लागला, तसा मावशीने गव्हाणीतला बाळ येशू उचलला. "सरक रे बाबा, तुला काय हुतंय, तू प्लास्टरचा!" आणि माझी लेक तिथल्या गवतात निजवली. पाहुणे पाळक पुढचं वाक्य विसरले.

मग महिनाभर ती सकाळी अळिवाची खीर घेऊन यायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत मला शिव्या द्यायची. मी खीरही खाल्ली आणि तिचा रागही केला. रुमाल तिने परत मागितला नाही. पुढे दर नाताळात मरियेचे कान मीच बांधू लागले, तोंड वाकडं करून.

या डिसेंबरात मावशी गेली. शवपेटीत तिला पांढरी झालरीची साडी, केस चापूनचोपून बसवलेले, हातात चकचकीत क्रूस. "किती शांत दिसते!" सगळे म्हणत होते. मला ती लग्नाला आलेली पाहुणी दिसली.

मी पर्समधून तपकिरी रुमाल काढला आणि तिचे कान गच्च बांधले.

"ताई, हे काय?" पाळकसाहेब दचकले.

"बाहेर वारं आहे," मी म्हणाले.